शेतीशाळा

शेतीशाळा : पेरणीपासून काढणीपर्यंत, ठरलेल्या वारी, शेतकऱ्याच्या उभ्या पिकात भरणारा वर्ग. वीस-पंचवीस शेतकरी, एक प्रशिक्षक, सुधारित पद्धतीचा एक प्लॉट आणि तुलनेसाठी नेहमीच्या पद्धतीने केलेला दुसरा, एवढ्यावर ती चालते. कीड ओळखणे हा तिचा पहिला धडा. फवारायचे की थांबायचे हे स्वतः ठरवता येणे हे तिचे खरे काम.

इतिहास : इंडोनेशिया १९८४ मध्ये तांदळात स्वयंपूर्ण झाला आणि पुढच्या दोन वर्षांत जावा बेटावरची खाचरे तपकिरी तुडतुड्यांनी करपवली. कीटकनाशकांवर तेव्हा सरकार सुमारे ८० टक्के अनुदान देत होते. फवारण्या वाढत होत्या, त्यांच्यामागोमाग तुडतुडेही वाढत होते. तुडतुड्याची मादी अंडी घालते ती पानाच्या देठाकडच्या खोळीत, पेशींच्या आत. तिथे औषध पोचत नाही. औषधाने मरतात ते चुडांवर फिरणारे कोळी आणि अंडी शोषणारे ढेकूण. आठवड्याभराने पिल्ले बाहेर पडतात, तेव्हा त्यांना खाणारे कोणी शिल्लक नसते. पीटर केनमोर या कीटकशास्त्रज्ञाने फिलिपीन्सच्या भातशेतीत हे आधीच दाखवून दिले होते.

नोव्हेंबर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या आदेशाने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी आली आणि १९८९ पर्यंत अनुदानही संपले. औषध दुकानातून गेले, पण पानावर किडा दिसला की पोटात उठणारा गोळा कसा जाणार? त्यासाठी १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने जावात ‘सेकोलाह लापांगान’, म्हणजे शेतातली शाळा, सुरू झाली. पुढच्या दहा वर्षांत एकट्या इंडोनेशियात दहा लाखांहून अधिक शेतकरी तिच्यातून शिकून गेले. त्यापूर्वी भारतासह अनेक देशांत ‘प्रशिक्षण व भेट’ योजना चालत असे. तिच्यात तज्ज्ञाचा निरोप पायरीपायरीने खाली उतरून बांधापर्यंत यायचा. शेतीशाळेत बोलणे शेतकऱ्यापासून सुरू होते.

कार्यपद्धती : वर्ग सकाळी भरतो, कारण उन्हे चढली की किडी पानाआड जातात. कपाशीच्या शेतीशाळेत चार-पाच जणांचा गट काही झाडे निवडतो, पाने उलटून मावा, तुडतुडे, पांढरी माशी मोजतो. फुले पाहताना गुलाबाच्या कळीसारखे मुरडलेले, न उमललेले फूल आढळले तर ती डोमकळी. पाकळ्या सोडवल्या की आत गुलाबी बोंडअळी दिसते. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, असे धरतात.

मग झाडाच्या सावलीत मोठा कागद पसरतात. मधोमध झाडाचे चित्र, एका अंगाला किडी, दुसऱ्या अंगाला मित्रकीटक, वर आभाळाची स्थिती, खाली जमिनीतली ओल. प्रत्येक गट आपले चित्र मांडतो आणि या आठवड्यात काय करायचे ते सांगतो. बाकीचे खोदून प्रश्न विचारतात. निर्णय इथे होतो, म्हणून हा तास सोडून चालत नाही.

ढालकिडा बहुतेकांना ओळखता येतो. त्याची अळी ओळखता येत नाही. काळपट, नारिंगी ठिपक्यांची, चिमुकल्या सुसरीसारखी ही अळी मावा फस्त करते आणि दिसायला भयंकर असल्याने पहिली फवारणी तिच्याच नावाने होते. क्रायसोपा या मित्रकीटकाचे अंडे केसाएवढ्या दांडीवर टेकलेले असते, ते बुरशी समजून पुसले जाते. ढालकिड्याची अळी काचेच्या बरणीत माव्यासोबत ठेवून दुसऱ्या दिवशी उरलेला मावा मोजायला लावतात. ते एकदा मोजलेला शेतकरी पंपाला हात घालण्याआधी पान उलटून बघतो.

महाराष्ट्र : २००८ च्या खरिपात पाने खाणाऱ्या अळ्यांनी विदर्भ-मराठवाड्यातले सोयाबीन फस्त केले. त्यानंतर २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प आला. शेतीशाळाही त्याचा भाग झाल्या. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ पासून चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने त्या पाच हजारांहून अधिक गावांच्या योजनेत गुंफल्या आणि हवामानबदलाला तोंड देणारी शेती हा विषय त्यांत आणला. पानी फाउंडेशनने कृषी शास्त्रज्ञांना घेऊन चालवलेल्या डिजिटल शेतीशाळा हा अलीकडचा प्रकार. अनोळखी किडीचा फोटो पाठवून सल्ला मिळणे, ही त्यांची मोठी सोय आहे. डोमकळी मात्र हातानेच उघडावी लागते.

मूल्यमापन : एकमत नाही. इंडोनेशियातल्या १९९१ व १९९९ च्या पाहण्यांवरून जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २००४ मध्ये उत्पादन वा कीटकनाशक-वापरावर ठळक परिणाम दिसत नसल्याचे मांडले. इतरांनी फवारण्या घटल्याचे दाखवले. शिकलेल्यांना लाभ होतो, शेजाऱ्यापर्यंत तो आपोआप झिरपत नाही, असे २०१४ च्या एका व्यापक आढाव्याने नोंदवले.

सद्य प्रश्न : २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत औषधाचा फवारा तोंडावर येत होता. पंप पाठीवर घेणारा पुष्कळदा मजूर असतो आणि शेतीशाळेच्या यादीत नाव असते जमीनमालकाचे. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून मजुराने वर्गाला यावे कसे, याची सोय अजून झालेली नाही आणि ती व्हायलाच हवी. निंदणी-वेचणीच्या निमित्ताने झाड सर्वांत जवळून पाहणाऱ्या बायांसाठी महिला शेतीशाळा निघाल्या, हे चांगले झाले. हंगामातले वर्ग कमी करून उद्दिष्ट पुरे करण्याची घाई सगळ्यात घातक आहे. किडीची एक पिढी महिन्याभरात उलटते. पंधरा दिवस वर्ग चुकला तर अंडी पाहायची राहतात आणि थेट अळीच दिसते.

पाणी : आंध्र प्रदेशात शेतीशाळेच्याच धर्तीवर शेतकऱ्यांनी विहिरींची पातळी मोजून पिकांचा ताळेबंद मांडला.

पशुपालन : केनियात दुभत्या जनावरांसाठी, युगांडाच्या करामोजा भागात फिरस्त्या पशुपालकांसाठी शाळा भरल्या. तिथे पान उलटण्याऐवजी गोचीड, चारा आणि दूध यांची नोंद ठेवतात.