परदेशी पाहुण्याचा बंदोबस्त : पैसा कुणाचा, हिशेब कुणाकडे?

परदेशातला मोठा नेता मुंबईत आला की दोन गोष्टी हमखास होतात. रस्ते अडवले जातात आणि मोबाईलवर खर्चाचा एखादा भलामोठा आकडा फिरू लागतो. 8 आणि 9 ऑक्टोबर 2025 ला ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर मुंबईत होते. ते अंधेरीच्या यशराज स्टुडिओत गेले, राजभवनावर पंतप्रधान मोदींना भेटले, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यक्रमाला गेले. म्हणजे असे दौरे आता कुलाबा आणि मलबार हिलपुरते राहिलेले नाहीत. बोरीवलीहून हायवेने कामाला जाणाऱ्यालाही हा विषय परका नाही.

आम्ही शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. या विषयावर मुलांचा सवाल ठरलेला असतो : सर, याचे पैसे कोण देतं? त्याचं उत्तर इथे एकत्र मांडत आहोत.

जबाबदारी कुणाची?

परदेशी राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री यांना आंतरराष्ट्रीय कायद्याने विशेष संरक्षण आहे. त्यासाठी 1973 चा संयुक्त राष्ट्रांचा करार असून भारत त्यात सामील आहे. पाहुण्याच्या जिवाची जबाबदारी यजमान देशाची, हे त्याचं सार.

आपल्याकडे ही जबाबदारी वाटली जाते. राजशिष्टाचार आणि पाहुणचार परराष्ट्र मंत्रालय बघतं. पण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्याचे विषय आहेत. त्यामुळे रस्त्यावर उभा असलेला शिपाई राज्याच्या तिजोरीतून पगार घेतो. रस्ता, फुटपाथ, दिवे, रंगरंगोटी हे बहुतेक महापालिकेकडे येतं. पाहुण्याचं विमान, त्याच्या खास गाड्या आणि अंगरक्षक यांचा खर्च त्याचा देश करतो.

थोडक्यात, एका दौऱ्याचे चार खिसे असतात : पाहुण्याचा देश, केंद्र, राज्य आणि महापालिका. कुठलाही आकडा ऐकला की आधी विचारावं, हा कुठल्या खिशाचा?

बंदोबस्त कसा लागतो?

पाहुण्याच्या देशाचं पथक आधीच येऊन हॉटेल, रस्ते, इस्पितळं पाहून जातं. मग सुरक्षेची कडी ठरतात. सगळ्यात आत पाहुण्याचे स्वतःचे अंगरक्षक, त्याबाहेर आपली खास पथकं, आणि सर्वांत बाहेर स्थानिक पोलीस. नेहमीच्या रस्त्याबरोबर पर्यायी रस्ताही तयार ठेवतात. ताफ्याची रंगीत तालीम होते. ड्रोन, पतंग, पॅराग्लायडर यांवर मनाई हुकूम निघतो. पूर्वी तो कलम 144 खाली निघायचा, 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतो.

तपशील कुठवर जातो, याचं उदाहरण गावदेवीतल्या मणिभवनचं. नोव्हेंबर 2010 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा तिथे येणार होते. डोक्यात पडू नयेत म्हणून आवारातल्या झाडांवरचे नारळ आधीच उतरवले गेले.

नऊशे कोटींची अफवा

त्याच दौऱ्याने आकड्यांबाबत मोठा धडा दिला. ओबामा 6 नोव्हेंबरला मुंबईत उतरले. ताज महाल पॅलेसमध्ये राहिले, 26/11 च्या बळींना आदरांजली वाहिली, दुसऱ्या दिवशी सेंट झेवियर्स कॉलेजात विद्यार्थ्यांशी बोलले. दौऱ्याच्या काही दिवस आधी महाराष्ट्र सरकारमधल्या एका अनामिक अधिकाऱ्याच्या हवाल्याने बातमी आली की, या दौऱ्यावर रोज 20 कोटी डॉलर खर्च होणार. तेव्हाच्या दराने सुमारे 900 कोटी रुपये. सोबत 34 युद्धनौकांचीही गोष्ट जोडली गेली.

मुंबईतून निघालेली ही बातमी अमेरिकेतल्या टीव्हीवर आणि राजकारण्यांच्या तोंडी पोचली. व्हाइट हाऊसने आणि पेंटागॉनने ती साफ फेटाळली. तेव्हा अफगाणिस्तानातल्या अख्ख्या युद्धावर अमेरिकेचा दिवसाचा खर्च सुमारे 19 कोटी डॉलर होता, एवढं ताडून पाहिलं असतं तरी आकड्याचं पोकळपण कळलं असतं. अमेरिकन संसदेच्या हिशेब तपासनिसांनी 1999 मध्ये बिल क्लिंटन यांच्या आफ्रिका दौऱ्याचा हिशेब दिला होता. सहा देशांचा तो संपूर्ण दौरा 4 कोटी 28 लाख डॉलरचा होता, तोही अंगरक्षक दलाचा खर्च सोडून.

अडतीस लाखही पुरते खरे नाहीत

फुगवलेला आकडा फसवतो, तसा अगदी लहान आकडाही फसवतो. फेब्रुवारी 2020 मध्ये डोनाल्ड ट्रम्प अहमदाबाद, आग्रा आणि दिल्लीला आले. दौऱ्याआधी बातम्यांत एकट्या अहमदाबादसाठी 80 ते 100 कोटींचे अंदाज होते. गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री विजय रूपाणी यांनी राज्याचे 8 कोटी आणि महापालिकेचे साडेचार कोटी असा हिशेब सांगितला. पुढे माहिती अधिकारात परराष्ट्र मंत्रालयाने केंद्राचा खर्च सांगितला : सुमारे 38 लाख रुपये.

शंभर कोटी, साडेबारा कोटी, अडतीस लाख. हे आकडे एकमेकांना खोटं पाडत नाहीत, कारण प्रत्येकात मोजलेली गोष्ट वेगळी आहे. 38 लाखांत राहणं, जेवण, प्रवासाची व्यवस्था असा पाहुणचार आला, रस्त्यावरचा पोलीस आला नाही.

हिशेबात न येणारा खर्च

खरी गोम इथेच आहे. पोलिसाचा पगार नेहमीच्या अंदाजपत्रकात असतोच, म्हणून बंदोबस्ताचा खर्च वेगळा दिसत नाही. पण जो शिपाई पुलाखाली बारा तास उभा आहे, तो त्या दिवशी आपल्या ठाण्यात नाही. पासपोर्टची पडताळणी, चोरीचा तपास, शाळेबाहेरची गस्त मागे पडते. त्याची साप्ताहिक सुट्टीही जाते. रस्त्यावरच्या फेरीवाल्याचा, रिक्षावाल्याचा दिवस बुडतो आणि त्याची पावती कुणी फाडत नाही. हा खर्च सर्वांत जास्त गरिबाच्या वाट्याला येतो, आणि नेमका तोच कुठल्याही कागदावर नसतो.

हिशेब कसा मागावा?

माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो आणि उत्तर 30 दिवसांत मिळायला हवं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. म्हणून गृह विभाग, सामान्य प्रशासन विभागाची राजशिष्टाचार शाखा आणि महापालिका यांना वेगवेगळे अर्ज करावेत. किती पोलीस कुठे उभे होते, असं विचारलं तर सुरक्षेचं कारण देऊन नकार मिळेल आणि तो रास्तही असेल. त्याऐवजी एकूण खर्च, बाहेरून मागवलेले पोलीस, भत्ते, भाड्याची वाहनं, रस्तादुरुस्ती अशी रक्कम विचारावी. नकार आला तरी कलम 10 नुसार देता येण्याजोगा भाग वेगळा काढून द्यावा लागतो. पहिलं अपील 30 दिवसांत, दुसरं 90 दिवसांत करता येतं. ट्रम्प दौऱ्याचं उत्तरही प्रकरण केंद्रीय माहिती आयोगापर्यंत गेल्यावरच मिळालं.

मेहमाननवाजीत कसर नको आणि पाहुण्याच्या जिवाला धोका तर मुळीच नको, यावर कुणाचं दुमत नसावं. पण सरकारी पैसा ही जनतेची अमानत आहे. पुढचा पाहुणा येईल तेव्हा मोबाईलवर आलेला आकडा पुढे ढकलण्याआधी विचारू या : कुठला खिसा, काय मोजलं आणि काय सोडलं?