धक्का कोणासाठी? मुंबईच्या क्रूझ टर्मिनलचा प्रश्न

आजचा प्रश्न तसा व्यवहाराचा आहे. शहरानं क्रूझ जहाजांसाठी चांगलं टर्मिनल बांधायला पैसा घालावा की नाही? मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे माझं बोट पहिल्यांदा जातं ते 'चांगलं' या शब्दावर. हे विशेषण एकटं उभं राहत नाही. कोणासाठी चांगलं, हे सांगावंच लागतं. मुंबईच्या धक्क्यांचा इतिहास म्हणजे या 'कोणासाठी'चीच वेगवेगळी उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर गेटवे ऑफ इंडियाचं. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरले, त्याची आठवण म्हणून ती कमान. गंमत अशी, की ती बांधून पूर्ण झाली १९२४ साली! राजेसाहेब केव्हाच येऊन गेले होते. पुढे १९४८ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी त्याच कमानीतून बाहेर पडली. शोभेची वास्तू म्हणून गेटवेला तोड नाही. पण रोजच्या प्रवाशाची सोय हा तिचा हेतू कधीच नव्हता.

दुसरं उत्तर बॅलार्ड पियरचं. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई विलायतेच्या जवळ आली. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, असे एकामागून एक झाले. डॉक खणताना निघालेल्या मातीदगडाची भर घालून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. पण मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. बॅलार्ड पियरला स्वतःचं रेल्वे स्टेशन होतं, मोल स्टेशन. १९२८ साली फ्रंटियर मेल सुरू झाली, तेव्हा हंगामात ती तिथून सुटायची. माणूस बोटीतून उतरला, की आगगाडीत बसून थेट दिल्ली, पेशावर. टपालही त्याच वाटेनं.

म्हणजे तो धक्का चालला तो इमारतीच्या देखणेपणामुळे नव्हे. त्याच्या पाठीमागे रूळ होते, टपाल होतं, सबंध देश जोडलेला होता. पुढे जेट विमानं आली, १९६७ ते १९७५ सुएझ बंद राहिला, आणि विलायतेची उतारू वाहतूक संपली. धक्का जागेवरच होता, त्याचं प्रयोजन गेलं होतं.

तिसरं उत्तर आपल्या माणसांचं, भाऊच्या धक्क्याचं. कोकणातून येणारा गिरणी कामगार, मनिऑर्डरीवर जगणारी त्याची बायकामुलं, गणपतीला आणि शिमग्याला निघालेले चाकरमानी, या सगळ्यांचा प्रवास आगबोटीचा. ठिकठिकाणी बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारूंनी पडावातून किनारा गाठायचा. लहानपणी मीही तसा उतरलोय, गुडघाभर पाण्यात, चपला हातात धरून. त्यात मौज वाटायची, कारण वय लहान होतं. आईला मौज वाटत नसणार.

आणि १७ जुलै १९४७ विसरता येत नाही. गटारी अमावस्येचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बॅलार्ड पियरचा थाट आणि 'रामदास'ची गर्दी एकाच बंदरातली, हे ध्यानात घ्या. पैसा कुठे गेला आणि कुठे गेला नाही, हे त्यावरून कळतं.

आता वर्तमानात येऊ. इंदिरा डॉकमध्ये नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. खर्च सुमारे ५५६ कोटी रुपये, क्षमता वर्षाला दहा लाख प्रवाशांची. हे करायला हवं होतं का? माझं उत्तर 'हो' असं आहे. पण त्याला अटी आहेत.

पहिली अट हिशेबाची. जहाज इथे काही तासांपुरतं थांबतं की इथूनच प्रवास सुरू करतं, यात मोठा फरक आहे. नुसतं थांबलं, तर प्रवासी बसमधून शहर बघतात आणि जेवायला जहाजावर परततात. प्रवास इथून सुरू झाला, तर हॉटेल, टॅक्सी, भाजीपाला, दुरुस्ती असं बरंच काही शहराला मिळतं. त्यातही आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने जवळजवळ कोरडेच जाणार! दुसरी अट हवेची. धक्क्याला लागलेलं जहाज आपली इंजिनं चालू ठेवून वीज बनवत राहिलं, तर धूर शहराच्या वाट्याला येतो. त्याला किनाऱ्यावरून वीज द्यायला हवी.

तिसरी अट मला सगळ्यात मोलाची वाटते. या गुंतवणुकीत भाऊच्या धक्क्याच्या उतारूचा वाटा असला पाहिजे. कोणी म्हणेल, कोकणच्या बोटी बंद पडल्या त्या लोकांनीच एसटी पसंत केली म्हणून. शिवाय १९९८ पासून कोकण रेल्वे आहे. आक्षेप खरा आहे. रत्नागिरीला जायला आज कोणी रात्रभर बोटीत बसणार नाही. पण २०२० साली भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, आणि लोक गाड्या घेऊन बोटीत चढले. कारण रस्त्यानं शंभरेक किलोमीटरचा वळसा, समुद्रानं तासाभराचं काम. जिथे वेळ वाचतो, तिथे माणूस पुन्हा समुद्राकडे वळतो. सवाल सोयीचा असतो, हौसेचा नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. बंदराची जमीन आणि पैसा सार्वजनिक आहे. पर्यटकासाठी वातानुकूलित दालन जरूर असावं. पण त्याच बंदरात रेवसला, मोऱ्याला जाणाऱ्या बाईला कोरडी पायरी, धरायला कठडा, डोक्यावर छप्पर आणि स्वच्छ संडास मिळतो का, हेही त्याच ताळेबंदात लिहा. तो रकाना कोरा राहिला, तर आपण पुन्हा एक कमान बांधली असं होईल. दिसायला सुंदर, आणि पाहुणे केव्हाच निघून गेलेले.

आता तुमचे प्रश्न घेऊ.