कोळसा नाही, म्हणून आपली जमीन रिकामी नाही

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण जुन्नर-आंबेगावकरांनी वेळ काढून वाचावी.

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या एका वाडीत बोअर घेताना काळीभोर कच वर आली. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर मेसेज फिरला, "कोळसा सापडला!" तिसऱ्या दिवशी दोन अनोळखी माणसं गाडी घेऊन सातबारे विचारत आली. मलाही फोनवर फोन, "पत्रकार, बातमी लावा." गेलो. तिथल्या आजींनी त्यातले चार खडे आधीच चुलीत टाकून बघितले होते. म्हणाल्या, "तापला, पण पेटला नाय. दगूड हाय बाबा." बातमी लावली नाही. पण आजींच्या नातवाने विचारलेला प्रश्न डोक्यात राहिला. चंद्रपूरला कोळसा आहे, मग आपल्याकडे का नाही?

याचं उत्तर वयात आहे. चंद्रपूर-यवतमाळकडचा कोळसा साधारण २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा वर्धा-गोदावरीच्या पट्ट्यात जमीन खचत होती, दलदल होती, झाडं त्या चिखलात गाडली जात होती. त्यांचाच पुढे दगडी कोळसा झाला. वरोऱ्याला इंग्रज सरकारने १८७० च्या दशकात खाण सुरू केली, कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वे नेली. ती खाण १९०६ मध्ये बंद पडली. बाबा आमटेंचं आनंदवन आहे ना, तेच वरोरा. आज घुग्घुस, दुर्गापूर, सास्ती भागात वरची माती-दगड काढून उघड्यावर कोळसा खणतात. हे जमतं, कारण तिथे कोळशाचे थर जमिनीच्या जवळ आहेत.

आपला दगड त्यामानाने तरुण. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. थरावर थर. शिवनेरीवर उभं राहून समोरचे डोंगर बघा, पायऱ्या दिसतील. या दगडाला 'ट्रॅप' म्हणतात, आणि तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. बरं, भूशास्त्रज्ञांनी सह्याद्रीतल्या या थरांचे गट पाडले, त्यातल्या एका गटाला नाव दिलंय 'भीमाशंकर'. म्हणजे जगभरच्या शोधनिबंधांत आपला देव पोचलाय, आपल्याला पत्ता नाही.

मग या थरांखाली कोळसा असेल का? कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल बोअर घेतली. सुमारे ९३० मीटर काळा दगड लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट. मधे कोळशाचा थर नाही. तेव्हा सातबारे विचारणाऱ्यांना चहा पाजा आणि परत पाठवा.

पण खाणकाम आपल्याकडेही आहे. फक्त त्याला आपण खाण म्हणत नाही. क्रशर म्हणतो, मुरूम म्हणतो, वाळू म्हणतो. सरकारी कागदावर 'गौण खनिज'. ब्रासचा हिशोब होतो, रॉयल्टी भरली की संपलं. घरं, रस्ते, धरणं याच खडीवर उभी आहेत, त्यामुळे खाणी नकोच असं मी म्हणणार नाही. पण खणताना काय जातंय, हे कोण बघतं?

दोन हजार वर्षांपूर्वी बघणारे होते. लेण्याद्री, तुळजा लेणी, मानमोडी, शिवनेरी धरून जुन्नरभोवती पावणेदोनशेहून जास्त लेणी आहेत. कारागिरांनी कुठेही छिन्नी मारली नाही. एकसंध, घट्ट थर शोधला आणि त्यात शिरले. पाण्याची टाकीही अंदाज घेऊन खोदली. त्यांच्याकडे डिप्लोमा नव्हता, पण दगड वाचता येत होता.

दुसरं उदाहरण बोरी बुद्रुकचं. कुकडीच्या काठावर तिथे ज्वालामुखीची राख आहे. ती आपल्या सह्याद्रीची नाही. सुमारे ३ हजार किलोमीटरवरच्या, इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची. १९८० च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिचा अभ्यास सुरू केला, कारण त्याच थरांच्या सोबतीने आदिमानवाची दगडी हत्यारं मिळाली. राख टोबाच्या कुठल्या उद्रेकाची, यावर वाद झाला. कोणी ७५ हजार वर्षं म्हणतं, कोणी लाखांत जातं. आपल्या भागात माणूस कधीपासून आहे, याचं उत्तर या वादात अडकलंय. आणि ते उत्तर नदीकाठच्या मातीत आहे. एका रात्रीत जेसीबी लावला, तर वादही संपेल आणि पुरावाही.

तिसरं सांगताना हात जड होतो. ३० जुलै २०१४, माळीण. मुसळधार पावसात डोंगर खाली आला, १५१ माणसं गेली. वरचा दगड कुजून झालेली माती, तीव्र उतार, आत मुरलेलं पाणी. उतारावर झालेल्या सपाटीकरणावरही तेव्हा खूप चर्चा झाली. मी तेव्हा मंचरहून गेलो होतो. चिखलात उभं राहून बातमी लिहिली. आपण या डोंगराबद्दल आधी एक ओळ तरी छापली होती का, हा प्रश्न आजही सुटत नाही.

म्हणून एवढंच मागणं. ग्रामसभेत खाणीचा, मुरमाचा, सपाटीकरणाचा विषय आला, की रॉयल्टीआधी तीन गोष्टी विचारा. उतार किती आहे? खाली वस्ती आहे का? झरा कुठून निघतो? दोन थरांमधल्या तांबड्या मातीवरून पाणी पाझरतं, तो थर फोडला तर खालची विहीर आटू शकते. उत्तर तोंडी नको, प्रोसिडिंगला लिहून घ्या.

कोळसा आपल्याकडे नाही, बरंच आहे. पण जे आहे ते एकदाच मिळालंय. तुमच्या गावच्या खाणीत वेगळ्या रंगाचा थर दिसला तर फोटो टाका. आजींसारखं चुलीत टाकून बघायलाही हरकत नाही.