आयनांची वाट : पेशीपटलातील सूक्ष्म छिद्रांच्या संशोधनाचा इतिहास (१९०२ ते १९९८)

प्रस्तावना

सजीव पेशीचे पटल मुख्यतः मेदरेणूंचे बनलेले असते. विद्युतभारित आयनांना ते सहजासहजी ओलांडता येत नाही. तथापि चेतासंदेशांचे वहन, स्नायूंचे आकुंचन आणि हृदयाचे स्पंदन या क्रिया आयनांच्या पटलापार होणाऱ्या हालचालींवरच अवलंबून असतात. आयन हे पटल नेमके कसे ओलांडतात, याचे उत्तर शोधण्यात विसाव्या शतकाचा बहुतेक काळ गेला. पोटॅशियमच्या मार्गाची अणुरचना १९९८ मध्ये ज्ञात झाली. परंतु अशा मार्गाचे अस्तित्व विद्युतप्रवाहाच्या मापनावरून त्यापूर्वीच प्रस्थापित झाले होते. जे दिसत नाही त्याविषयी कोणत्या पुराव्याच्या आधारे किती विधान करावे, हा या इतिहासाचा गाभा होय. प्रस्तुत लेखात त्याचा आढावा घेतला आहे.

माकुळाचा अक्षतंतू

विश्रांत अवस्थेत चेतापेशीचे पटल प्रामुख्याने पोटॅशियम आयनांना पार्य असते व उत्तेजित होताच ते सर्वच आयनांना मोकळे होते, असा सिद्धांत युलियस बर्नश्टाइन यांनी १९०२ मध्ये मांडला. तो खरा असता, तर उत्तेजनाच्या क्षणी विभवांतर शून्याजवळ यावयास हवे होते. १९३९ मध्ये अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी प्लिमथ येथे माकुळाच्या सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या अक्षतंतूत विद्युतअग्र घातले, तेव्हा विभवांतर शून्य ओलांडून उलट दिशेस गेल्याचे आढळले. महायुद्धामुळे हे काम खंडित झाले. पुढे विभवांतर स्थिर राखण्याच्या तंत्राने त्यांनी सोडियम व पोटॅशियमचे प्रवाह वेगळे केले आणि १९५२ मध्ये आपली सुप्रसिद्ध समीकरणे प्रसिद्ध केली. त्यांची आकडेमोड हक्सली यांनी हाताने फिरवावयाच्या गणनयंत्रावर केली.

समीकरणे प्रयोगाशी उत्तम जुळली. तरीही या जुळणीमुळे आपल्या मनातील यंत्रणा सिद्ध होत नाही, असे त्यांनी स्वतःच नमूद केले. हा संयम विशेष उल्लेखनीय आहे.

छिद्र की वाहक?

या टप्प्यावर दोन पर्याय संभवत होते. पहिला, पटलातील एखादा वाहक रेणू आयनाला धरून पलीकडे नेतो. दुसरा, पटलात पाण्याने भरलेले छिद्र असते. १९५५ मध्ये हॉजकिन आणि रिचर्ड केन्स यांनी किरणोत्सारी पोटॅशियमचा उपयोग करून असे दाखविले की, हे आयन एकमेकांपासून स्वतंत्रपणे जात नाहीत. ते अरुंद वाटेने एकामागून एक रांगेत जात असावेत. या निष्कर्षाने छिद्राच्या कल्पनेस बळ मिळाले, परंतु वाद मिटला नाही. १९७० मध्ये स्टीफन ह्लाडकी आणि डेनिस हेडन यांना कृत्रिम मेदपटलात ग्रामिसिडिन या प्रतिजैविकामुळे प्रवाह पायरी-पायरीने बदलताना आढळला.

एका छिद्राचा प्रवाह

जिवंत पेशीतील निर्णायक प्रयोग १९७६ मध्ये गटिंगेन येथे झाला. एर्विन नेहर आणि बेर्ट झाकमान यांनी बारीक काचनलिकेचे टोक बेडकाच्या स्नायूतंतूवर टेकवून पटलाचा अत्यल्प भाग उर्वरित पटलापासून विद्युतदृष्ट्या वेगळा केला. नोंदीत काही पिकोअँपिअरचे चौकोनी स्पंद उमटले. म्हणजेच मार्ग एकदम उघडत होता व एकदम मिटत होता. एक पिकोअँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ लाख एकभारित आयन. प्रत्येक फेरीत आयनाला धरून पलीकडे नेणाऱ्या वाहकाला इतका वेग साधणे अशक्य होते. १९९१ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले.

छिद्राचे दर्शन

एक कोडे मात्र शिल्लक होते. पोटॅशियम आयन सोडियमपेक्षा आकाराने मोठा असूनही पोटॅशियमच्या मार्गातून तोच जातो, लहान सोडियम अडतो. पाण्यातील आयनाभोवती जलरेणूंचे वेष्टन असते. छिद्रातील ऑक्सिजन अणू पोटॅशियमसाठी त्या वेष्टनाची जागा अचूक भरून काढतात, परंतु लहान सोडियमला ते तितके जवळ येऊ शकत नाहीत, असा तर्क फ्रान्सिस्को बेझानिया आणि क्ले आर्मस्ट्राँग यांनी १९७२ मध्ये मांडला होता. १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने एका जिवाणूतील पोटॅशियम मार्गाची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित केली. तिच्यातील निवड करणारा भाग केवळ १.२ नॅनोमीटर लांबीचा असून तेथील ऑक्सिजन अणूंची मांडणी या तर्काशी सुसंगत आढळली. २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात मॅकिनन यांचा वाटा होता.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, या क्षेत्रात दर्शन शेवटी आले. मापन व तर्क आधी आले. १९५२ मध्ये हॉजकिन-हक्सली यांनी पुराव्यापलीकडे विधान केले नाही, म्हणूनच छिद्राचा प्रश्न पुढील संशोधकांसाठी खुला राहिला. पुढे प्रवाहाचे हेच मापन साधन बनले. १९९६ मध्ये जॉन कॅसियानोविच व सहकाऱ्यांनी एका जिवाणू-प्रथिनाच्या छिद्रातून न्यूक्लिइक आम्लाचे धागे ओढले व आयनप्रवाहातील घटीवरून त्यांचे जाणे ओळखले. डीएनएचा अनुक्रम वाचणारी आजची छिद्राधारित उपकरणे याच मार्गाने विकसित झाली. विद्यार्थ्यांना आयनमार्गाचे तयार चित्र दाखविताना, ते चित्र नसतानाच्या काळातील पुरावाही त्यांच्यासमोर ठेवणे अगत्याचे आहे. अन्यथा त्यांना उत्तर कळेल, पण ते कसे मिळाले हे कळणार नाही.