हर्णै, सुवर्णदुर्ग आणि आऊटसोर्स केलेली लढाई

आमचं गाव केनवड. तालुका रिसोड, जिल्हा वाशीम. तिथून समुद्र इतका लांब की साठी उलटली तरी बाबांनी तो पाहिला नव्हता. म्हणून या जानेवारीत पुण्यात एक कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली (पलंग, गॅस, बेसिन, आईच्या भाषेत 'चाकावरची खोली'), आई-बाबांना बसवलं आणि ताम्हिणी घाट, माणगाव, दापोली असं करत हर्णै गाठलं.

संध्याकाळी बंदरावर ही गर्दी! होड्या जरा आत पाण्यातच थांबतात आणि मासळी आणायला बैलगाड्या चक्क लाटांमध्ये शिरतात. वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग आणि लिलावाचा गलका. समुद्र बघायला आलेले बाबा बैलच बघत बसले. "अरे, बैलं तं इथंबी हायेत!"

मी मात्र समोर बघत होतो. पाण्यात उभा सुवर्णदुर्ग. किनाऱ्यावर त्याचे सोबती कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. शाळेत आम्ही शिकलो ते सगळं घोड्यावरचं. आंग्र्यांच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद.

तर मंडळी, गोष्ट अशी. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेले. थोरले सेखोजी १७३३ मध्ये गेले आणि भावाभावांत जुंपली. संभाजी एकीकडे, मानाजी दुसरीकडे. पेशव्यांनी मध्ये पडून वाटणी केली: मानाजीकडे कुलाबा, संभाजीकडे सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाची बाजू. संभाजीनंतर ती तुळाजीकडे आली. तुळाजी पेशव्यांना जुमानेना. इंग्रजांची जहाजं तर तो धरतच होता. नानासाहेब पेशव्यांची अडचण खरी होती: ताकद घोड्यावर आणि किल्ला पाण्यात. मग त्यांनी जे केलं त्याला आमच्या धंद्यात आऊटसोर्सिंग म्हणतात. मुंबईकर इंग्रजांशी करार झाला. एप्रिल १७५५ मध्ये समुद्रातून कमोडोर विल्यम जेम्सने तोफा डागल्या, जमिनीवर पेशव्यांची फौज होती. किल्ल्यातला दारूसाठा उडाला आणि काही दिवसांतच सुवर्णदुर्ग पडला.

प्रोजेक्ट वेळेत पूर्ण! किल्ला ठरल्याप्रमाणे पेशव्यांना मिळाला. इंग्रजांना बाणकोट मिळालं. पण फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले, तेव्हा तुळाजीचं आरमार बंदरातच जळून गेलं. तुळाजीचा शेवट पेशव्यांच्या कैदेत झाला.

न्यायाने बोलायचं तर पेशव्यांनी नंतर स्वतःचं आरमार ठेवलं. विजयदुर्गाच्या धुळपांनी १७८३ मध्ये इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडलंही. म्हणजे १७५६ मध्ये सगळं संपलं असं नाही. पण घरच्या भांडणात इंग्रजांना बोलवायची सवय लागली ती लागलीच. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हरवल्यावर दुसरा बाजीराव महाडमार्गे कुठे आला असेल? याच सुवर्णदुर्गावर! पुढे इंग्रजांच्या जहाजातून तो वसईला गेला आणि ३१ डिसेंबरला तह करून बसला. १८१८ मध्ये पेशवाई संपली.

आणि हो, जेम्सच्या बायकोने १७८४ मध्ये नवऱ्याच्या आठवणीत लंडनला एक तिकोनी मनोरा बांधला. नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच! २०१४ पासून तो लोकांना बघायला पुन्हा खुला आहे. इथे हर्णैला लिलावाच्या गर्दीत मी दोन-तीन पर्यटकांना किल्ल्याचं नाव विचारलं. एकाने "जंजिरा" सांगितलं. असो.

रात्री व्हॅनमध्ये चहा करताना हे सगळं बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प. आमच्या घरात बाबा आणि काका बांधावरून भांडले होते. मिटवायला गावाबाहेरच्या एकाला बोलावलं. मिटलं, पण बांधालगतची दोन एकर त्याच्या नावावर गेली. काका अजून बोलत नाहीत.

"त्या तुळाजीचा भाऊ होता नं जिता?" बाबांनी विचारलं.

"मानाजी होता. पण तुळाजीशी त्याचं पटत नव्हतं."

"मंग बरोबर हाये," ते म्हणाले आणि कप खाली ठेवला.

सकाळी रेंज आल्यावर त्यांनी फोन मागितला. काकांना लावला. पहिलं वाक्य ऐकू आलं, "अरे, समुद्रात बैलगाडी पाह्यली मी." पुढचं ऐकायला मी थांबलो नाही, व्हॅनमधून उतरून किनाऱ्यावर गेलो.