दहा मिनिटांची भूक

चहाच्या सुट्टीत कामगार काय खातो, हा अभ्यासाचा विषय आहे असे सांगितले की पुष्कळांना हसू येते. येऊ द्यावे. इंजिनाच्या एका बोल्टला किती ताण द्यायचा यावर ज्या औद्योगिक पट्ट्यात रात्र रात्र चर्चा होते, तिथे तो बोल्ट घट्ट करणाऱ्या माणसाच्या पोटाकडे थोडे बारकाईने पाहिले तर काही बिघडत नाही.

पिंपरी-चिंचवडच्या उद्योगाची सुरुवात एका औषधाच्या कारखान्यापासून सांगण्याची पद्धत आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. पुढे टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली, भोसरीत लहानमोठ्या वर्कशॉपची दाटी झाली. मग कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण मोटारींचे गाव झाले. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४६ व्या कलमात अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी कँटीनची आणि तिच्या कारभारात कामगारांच्या प्रतिनिधित्वाची तरतूद होती. म्हणजे कामाच्या ठिकाणचे खाणे हा कामगाराचा खासगी मामला नाही, हे आपल्याकडे फार पूर्वी मान्य झाले होते. कँटीनच्या थाळीच्या जोडीला आता काचेआडचे यंत्रही आले आहे. कोड स्कॅन करा, आकडा दाबा, स्प्रिंग फिरते, पाकीट खाली पडते.

या विषयाचे गांभीर्य आपल्या भागाला विशेष कळावे, याला एक कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘बारीक पण चरबीयुक्त’ भारतीय देहाची कल्पना जगापुढे मांडली. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशेजारी उभे राहून काढलेले स्वतःचे छायाचित्र छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तेव्हा ‘मी कुठे जाड आहे?’ म्हणून बिस्किटांचा दुसरा पुडा फोडणाऱ्या सडपातळ ऑपरेटरने हे छायाचित्र एकदा पाहावे.

नव्या वाचकांनी या विषयात प्रवेश कुठून करावा? मी अ‍ॅमस्टरडॅमकडे बोट दाखवीन. डॅनिएल रीड आणि बार्बारा फान लेउवेन यांनी तिथल्या कंपन्यांतील कर्मचाऱ्यांना विचारले, पुढच्या आठवड्यात तुम्हाला खायला काय देऊ? १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात आठवडा आधी सुमारे निम्म्या लोकांनी चॉकलेट-चिप्सच्या गटातले काही मागितले. प्रत्यक्ष वस्तू हातात देण्याच्या क्षणी पुन्हा विचारले, तेव्हा दहापैकी आठांहून अधिक जण त्याच गटाकडे वळले. माणसे तीच, ज्ञान तेवढेच. सोमवारी ठरवणारा आणि गुरुवारी खाणारा हे जणू दोन वेगळे गृहस्थ. ‘उद्यापासून नक्की’ म्हणणाऱ्या तुम्हाआम्हाला हे परके वाटू नये.

त्यानंतर अमेरिकेतील सिमोन फ्रेंच यांचे २००१ चे काम वाचावे. बारा शाळा आणि बारा कामाच्या जागी त्यांनी यंत्रातील कमी स्निग्ध पदार्थांच्या किमती उतरवल्या. दहा टक्के सवलतीने त्यांची विक्री नऊ टक्के वाढली, पंचवीस टक्क्यांनी एकोणचाळीस आणि निम्म्या किमतीने त्र्याण्णव. यंत्रामागचा नफाही ढासळला नाही. शिकागोत ब्रॅड अ‍ॅपलहॅन्स यांनी वेगळीच युक्ती केली. कमी पौष्टिक पाकीट पंचवीस सेकंद उशिरा पडेल असे यंत्र बनवले. तेवढ्याने बऱ्या पदार्थांचा वाटा दोन ते पाच टक्क्यांनी वाढला. फरक लहान, पण उपदेशाच्या फलकाने एवढेही साधल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

हे आकडे चाकणला जसेच्या तसे लावू नयेत. आपल्या यंत्राची स्पर्धा गेटबाहेरच्या गाडीशी असते. वडापावाला खलनायक ठरवणाऱ्यांशी माझे पटत नाही. तो गरम असतो, स्वस्त असतो, एका हातात मावतो आणि उभ्याने संपतो. दहा मिनिटांत हात धुवायचे, चहा घ्यायचा, घरी फोन करायचा आणि लाइनवर परतायचे, तर त्याच्यासारखा सोबती कोण? त्याची बरोबरी करायची तर भाजलेले चणे-शेंगदाणे, उकडलेली अंडी, केळी तितक्याच जवळ आणि तितक्याच चटकन मिळायला हवीत. थर्ड शिफ्टचा प्रश्न आणखी अवघड. तेच खाणे सकाळपेक्षा रात्री रक्तातली साखर अधिक चढवते, आणि नेमक्या त्याच वेळी कँटीनचा ओटा थंड असला तर उजेड फक्त यंत्रातच दिसतो.

म्हणून वाचकांनी खाणाऱ्याला अडाणी समजून या विषयाकडे येऊ नये. आधी घड्याळ पाहावे, मग अंतर, मग किंमत; माणसाच्या मनापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचावे. पुस्तके नंतरही वाचता येतील. तुमच्या कारखान्यात, कार्यालयात किंवा स्टेशनवर असे यंत्र असेल, तर एखाद्या दुपारी वही घेऊन त्याच्याजवळ पंधरा मिनिटे उभे राहा. कोण काय घेतो ते लगेच लिहू नका. डोळ्यांच्या रेषेतल्या रांगेत काय मांडले आहे, तेवढे आधी टिपा.