नाक (श्वसनातील कार्य)
श्वसनमार्गाचे प्रवेशद्वार. मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन शंखास्थी असतात. त्यांच्या वळणांतून जाताना हवा ओलसर व कोमट होते. नाकाचे हवा गाळण्याचे काम पाहावे ते घोटीच्या (ता. इगतपुरी, जि. नाशिक) भातगिरणीत. तुसाचे जाड कण नाकपुडीतील केसांत अडकतात, बारीक कण चिकट श्लेष्मात रुततात आणि सूक्ष्म रोमके तो थर घशाकडे ढकलतात. काम संपल्यावर रुमालावर करडा शेंबूड दिसतो तो यामुळेच. तोंडाने घेतलेल्या श्वासाला ही गाळणी मिळत नाही. काही तासांच्या अंतराने आळीपाळीने एक नाकपुडी मोकळी व दुसरी थोडी चोंदलेली असते. हा आजार नव्हे. नाक हवा गाळत असले तरी अतिबारीक धूळ मात्र त्याला चुकवून फुप्फुसांत शिरते. गिरणीत नाकातोंडावर फडके बांधावेच.